घसाऱ्यावरचा उतार: सिंहगडाच्या ३८ फेऱ्या आणि एक राजगड-तोरणा

राजगडावरून डोंगराच्या धारेने तोरणा गाठायचा, हा राजगड-तोरणा ट्रेक मुक्काम न करता, जमेल तिथे पळत करायचा, हे मी गेल्या मे महिन्यात ठरवलं होतं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी तो झाला. ट्रेल रनिंग, म्हणजे डोंगरवाटांवर पळणं, नव्याने सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून मधल्या आठ महिन्यांची नोंद ठेवतोय. मला ज्याने अडवलं तो चढ नव्हता, उतार होता.

हे कळलं कात्रज-सिंहगडला. जुन्या कात्रज बोगद्यापासून निघून एकामागून एक टेकड्या ओलांडायच्या आणि सिंहगडाच्या रस्त्याला लागायचं. पौर्णिमेच्या रात्री हा ट्रेक पुण्यातले असंख्य लोक करतात. मे महिन्यात तिथला मुरूम पार सुटा झालेला असतो. चढांवर मी गटाच्या पुढे होतो. आठव्या-नवव्या टेकडीच्या उतारावर मात्र मांड्या थरथरायला लागल्या आणि शेवटचे तीन उतार अक्षरशः बसून, हात टेकत उतरलो. पुढचे चार दिवस घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागला.

याचं कारण समजून घेतल्यावर सरावच बदलला. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन पेलून वेग रोखतो. त्यात दम लागत नाही, पण स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. चांगली गोष्ट अशी की एकदा हा मार बसला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तेवढ्याच उताराला कमी दुखतात. म्हणजे उतार उतरूनच पचतो. सपाट रस्त्यावर कितीही किलोमीटर पळालं तरी ती तयारी होत नाही.

म्हणून जूनपासून सिंहगड. पायथ्याच्या आतकरवाडीतून पायवाटेने वर, पुणे दरवाजाला हात लावायचा, खाली. वाट तीन किलोमीटरही नाही, पण चढ जवळपास ६०० मीटरचा. पहिल्या फेरीला चढायला ५४ मिनिटं, उतरायला ४१. वेळ फक्त उताराची लिहायची, चढाची नाही, हे तेव्हाच ठरवलं. नाहीतर आपण नकळत चढावरच जोर लावतो आणि उतरताना पायात काही उरत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये वेळ सुधारलीच नाही. पावसात वाटेचा ओढा होतो. काळ्या कातळावर शेवाळ धरतं, आणि त्यावर बुटाच्या तळाचे खोल दाते काहीच कामाचे नाहीत. ते चिखलात रुततात, ओल्या गुळगुळीत दगडावर मऊ रबरच धरून राहतं. मी या दोन महिन्यांत घड्याळ काढून ठेवलं आणि पाऊल टाकायला शिकलो. पावलं छोटी, गुडघे सैल, हात बाजूला मोकळे, नजर पायाखाली न ठेवता तीन-चार पावलं पुढे. सगळ्यात अवघड गेलं ते मागे न रेलणं. भीती वाटली की अंग आपोआप मागे जातं, टाच आधी टेकते आणि टाचेखालून घसारा, म्हणजे उतारावरची सुटी माती-खडी, निसटतो. वजन पावलाच्या बरोबर वर ठेवलं तर मुरूम घसरला तरी आपण त्याच्यासोबत अर्धा फूट सरकतो, पडत नाही. हे वाचून पटत नाही, पाच-सहा वेळा घसरून पटतं.

एका ऑगस्टच्या सकाळी धुक्यात वरच्या मावशींकडे पिठलं-भाकरी खाल्ली आणि तसाच पळत उतरायला निघालो. अर्ध्या वाटेत पोटात कळ आली. तेव्हापासून वर फक्त ताक किंवा लिंबू सरबत, भाकरी खाली आल्यावर.

ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं होतं आणि वाट त्याखाली लपते. एका दुपारी राजगडाच्या धारेखालच्या पदरात, म्हणजे कड्याखालच्या सपाटशा पट्ट्यात, मी मळलेली वाट समजून वीस मिनिटं आडवा पळत गेलो. एक गुराखी मामा भेटले. म्हणाले, "ही ढोरांची वाट हाय. चाऱ्यापत्तुर जाती अन् तिथंच संपती. मान्साची वाट वर, धारंवर." परत फिरलो. तेव्हापासून ठोकताळा असा: वाट रुंद आहे पण तिला दहा फाटे फुटतायत, तर ती ढोरवाट. पळताना हे दिसत नाही, म्हणून फाट्यावर थांबायचंच.

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय. कठीण थर कडा म्हणून उभे राहिले, मऊ थर झिजून पदर झाले. त्यामुळे इथे सलग पळता येत नाही. पदरावर आणि धारेवर पळायचं, कड्याच्या टप्प्यावर हात वापरून चालायचं. हे मान्य केल्यावर माझी घाई कमी झाली.

डिसेंबरअखेर सिंहगडाचा उतार २६ मिनिटांवर आला. अडतिसाव्या फेरीला २४.

आता तो रविवार. आदल्या रात्री गुंजवणे गावात मुक्काम. पाणी अडीच लिटर, कारण धारेवर त्या दिवसांत पाण्याचा भरवसा नसतो. सोबत गूळ-शेंगदाणे, ओआरएसच्या दोन पुड्या, विजेरी, शिट्टी. आम्ही दोघं होतो, ही वाट एकट्याने करू नये. पहाटे ५:५० ला निघालो. चोर दरवाजाने पद्मावती माचीवर ७:१०. बालेकिल्ला या वेळी सोडला, त्याची रुखरुख आहे. संजीवनी माचीवर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच दुहेरी तटबंदीवर उतरत होतं. तिथे मी घड्याळ विसरून दहा मिनिटं उभा राहिलो, आणि पुन्हा गेलो तरी राहीन. ८:०५ ला अळू दरवाजातून बाहेर.

पुढची धार म्हणजे या वाटेचं सुख. दोन्ही बाजूंना दऱ्या, समोर तोरणा, पायाखाली पिवळं गवत. मध्येच कारवीचं रान, तिथे दांड्या अंगाला घासतात म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. खिंडीतला डांबरी रस्ता ९:३० ला ओलांडला. त्यानंतर बुधला माचीपर्यंतचा चढ लांबतच जातो. माचीवर ११:२०.

मेंगाईच्या देवळापाशी डबा खाल्ला. तोरण्यावरून वेल्ह्याकडचा उतार तापलेल्या घसाऱ्याचा, मे महिन्यात ज्याने मला बसवलं होतं तसाच. बिनी दरवाजा सोडल्यावर एकदाही हात टेकला नाही. वेल्ह्यात १:१५. घड्याळावर २० किलोमीटरच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी जिना कठडा न धरता उतरलो. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मात्र थोडी ओढ आहे, म्हणून दोन आठवडे फक्त चालणार. मग फेब्रुवारीत उलट दिशेने, तोरण्याकडून राजगड, या वेळी बालेकिल्ल्यासह. राजगडाकडून पालीला उतरणाऱ्या वाटेच्या पायऱ्या सध्या कशा आहेत, अलीकडे कुणी उतरलं असेल तर नक्की सांगा.