हालश्टाट, पंधरा वर्षांनी

ऑस्ट्रियातील हालश्टाटला मी प्रथम गेलो, तेव्हा गाडीतून उतरणारे आम्ही जेमतेम सहा-सातजण होतो. रेल्वेस्थानक तळ्याच्या पूर्व काठावर आणि गाव पश्चिम काठावर असल्यामुळे पलीकडे जायला होडीच लागते, आणि ती गाडीच्या वेळेशी जुळवूनच सुटते. पंधरा वर्षांनी, या जूनमध्ये त्याच होडीत कठड्यापर्यंत माणसे उभी होती; प्रत्येकाचा फोन धरलेला हात वर गेलेला असल्यामुळे जवळ येणारे गाव मला बहुतांशी इतरांच्या पडद्यांवरच दिसले.

आठशेच्याही आत लोकवस्ती असलेल्या या गावात गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत माणसे येतात. १९९७ साली जागतिक वारसास्थळांत त्याची नोंद झाली, २०१२ साली चीनमध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृतीही उभी राहिली. २०२३ साली तर गावकऱ्यांचा त्रास कमी करण्यासाठी छायाचित्रांच्या लाडक्या जागी लाकडी कुंपण घालण्यात आले, आणि ओरड झाल्यावर ते काढावे लागले. मला दोष गावकऱ्यांचा वाटत नाही. कोणाच्याही खिडकीखाली दिवसभर असा बाजार भरला, तर तोही हेच करील.

मात्र ही गर्दी पांगत नाही, हे दुसऱ्या दिवशी ध्यानात आले. ती धक्का, चौक आणि उत्तरेकडची ती प्रसिद्ध जागा एवढ्याच पट्ट्यात फिरते आणि संध्याकाळी बसबरोबर निघून जाते. त्यामुळे दिवसाची सहल टाळून मुक्काम करावा. गावात खोली परवडत नसेल, तर पुढच्याच स्थानकावरील ओबरट्राउन सोयीचे आहे. गावाचे तोंड पूर्वेकडे असल्याने छायाचित्रांसाठी सकाळचेच ऊन चांगले. दुपारनंतर मागच्या डोंगराची सावली लवकर उतरते. सहा वाजता मी चौकात होतो, तेव्हा एक बाई घरापुढच्या पायऱ्या धूत होत्या आणि पाणी उताराने तळ्याकडे चालले होते.

कॅथलिक चर्चजवळचे अस्थिगृह चुकवू नये. दफनभूमीत जागा अपुरी असल्यामुळे जुन्या कबरींतील अस्थी काढून येथे ठेवल्या जात. बाराशेहून अधिक कवट्यांपैकी सहाशेच्या आसपास कवट्या रंगवलेल्या आहेत; कपाळावर फुलापानांची वेल आणि खाली नाव. माझ्याखेरीज आत दोघेच होते, हे वर सांगितलेल्या गर्दीच्या मानाने नवलच.

शेवटच्या होडीची वेळ आधी पाहून ठेवावी. मी ती चुकवली आणि ओबरट्राउनपर्यंतचे चार-साडेचार किलोमीटर सामानासह पायी तुडवले. चाके असलेली बॅग त्या रस्त्यावर फार आवाज करते.