पाटीवरचा ळ

आमच्या दुकानाची पाटी बदलायची वेळ आली ती २०२३ च्या नोव्हेंबरात. बोरिवलीत छोटंसं स्टेशनरीचं दुकान आहे, बाबा, मी आणि एक मुलगा कामाला, बस. २०१७ चा दुकानांचा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथेच लागू होता, म्हणून आपल्याला पाटीचं काही नाही असं बरेच छोटे दुकानवाले धरून चालले होते. मग २०२२ मध्ये सरकारने ती पळवाट बंद केली, दुकान केवढंही असो पाटी देवनागरीत पाहिजे, मराठी आधी आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. व्यापारी हायकोर्टात गेले, तिथे हरले आणि वर २५ हजारांचा दंड बसला, मग सुप्रीम कोर्टात दोन महिन्यांची मुदत मिळाली, ती २५ नोव्हेंबरला संपली आणि पालिकेची माणसं तपासायला फिरायला लागली. दंड कामगारामागे २ हजार. पुढे मे २०२४ पासून तर डबल प्रॉपर्टी टॅक्सपर्यंत गोष्ट गेली.

मला हा नियम मनापासून पटतो. आमच्या पाटीवर मराठी होतंच, पण इंग्रजीच्या खाली, बारीक, कोपऱ्यात, आणि त्याची मला लाजच वाटली.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली त्रासच, फ्लेक्सवाल्याकडे सुरू झाला. आमच्या नावात ळ आहे. पहिल्या डिझाइनमध्ये ल आला. सांगितलं तर दुसऱ्या वेळी ळ आला पण रफार उडून भलत्याच अक्षरावर बसला, का तर फाइल जुन्या फॉन्टमधली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरं फुटतात. आधीची पाटी पेंटरने पत्र्यावर ऑइलपेंटने रंगवलेली, खडूची दोरी मारून, आधी विचारून की वेलांटी पहिली का दुसरी. शेवटी बाबांनी कागदावर पेनने नाव मोठं लिहून दिलं, तेव्हा तिसऱ्यांदा जमलं.

आता रस्त्याने जाताना मी पाट्याच वाचत असते. लोनचे, फरसान, शाला, सगळं मोठ्ठ्या अक्षरात, नियमात एकदम बसणारं. अक्षराचा आकार मोजतात, अक्षर बरोबर आहे का हे कोणीच बघत नाही. माझं म्हणणं एवढंच की नियम परत सुधारतील तेव्हा वॉर्ड ऑफिसात कोणीतरी मराठी नीट येणारा माणूस बसवा, पाटी छापायच्या आधी दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइन पाठवेल, तो दोन मिनिटांत बघून सांगेल. दंडाच्या पैशातून हे सहज होईल.

शेजारच्या लोणच्याच्या दुकानातल्या काकांना मी हे बोलले. ते म्हणाले, अगं इन्स्पेक्टर बघून गेला, काही बोलला नाही, आता परत खर्च कुठे करू. खरंय त्यांचं, एलईडीची अक्षरं स्वस्त नाहीत. मी म्हटलं स्टिकर लावू, एका ण चा कितीसा खर्च. रविवारी शिडी लावतोय.