बत्तिसाव्या मजल्यावर आई

आज आईला घेऊन लालबागला टॉवरमधला वन बीएचके बघायला गेलो. बत्तिसावा मजला, रेरा कार्पेट (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) 410 चौरस फूट. एजंट जिम, स्विमिंग पूल दाखवत सुटला होता. आईने स्वयंपाकघराची खिडकी उघडून बघितली आणि विचारलं, "कपडे कुठे वाळत घालायचे?" तो गप्प!

ओसी (इमारतीत राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला) आलीय, म्हणजे जीएसटी नाही. आईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटी 6 ऐवजी 5 टक्के. इथवर हिशेब छान जमला, मग किंमत ऐकली. (आकडा लिहीत नाही, हात थरथरतो.)

लिफ्टमध्ये आई म्हणाली, "तुझे आजोबा इथेच गिरणीत होते, 82 च्या संपापर्यंत."

चिवडा गल्लीतून अर्धा किलो चिवडा घेतला आणि करी रोडवरून डोंबिवली लोकल पकडली.