पंधरा मायक्रॉन

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रॉकेटच्या इंधनवाहिनीवर बसणाऱ्या व्हॉल्व्हच्या बॉड्या होतात. गिऱ्हाईक बेंगळुरूचं. त्या ऑर्डरीची देखरेख माझ्याकडे.

एप्रिलातली सकाळ. १४ बॉड्या पेटीत भरलेल्या, तपासणीचा रिपोर्ट ईमेलने गेलेला, टेम्पो दारात उभा. येळ्ळूरचे आमचे मामा (तीस वर्षं लेथवर काढलीत) पेटीपाशी येऊन म्हणाले, "मॅडम, काल रात्री गेजरूमचा एसी बंद होता की वो. मापं कसल्या हवेत घेतलीत?"

पोटात गोळा आला. रिपोर्टवर सही माझीच होती.

गेजरूममध्ये तापमान २० अंश लागतं. रात्री ते ३१ वर गेलं होतं. बोअर (बॉडीतलं गोल भोक) १२० मिलिमीटरचा आणि सूट फक्त २२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे १२०.००० ते १२०.०२२. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, गेज जुळवायची रिंग पोलादाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट फुगतं. मी तिथेच पेटीच्या झाकणावर हिशेब मांडला: ११ अंशांना बोअर जवळजवळ १५ मायक्रॉनने मोठा दिसतो. रिपोर्टात १२०.००८ लिहिलेली बॉडी खरी १२०च्याही खाली.

मला १२ ऑगस्ट २०२१ आठवला. इस्रोच्या जीएसएलव्ही-एफ१० रॉकेटचा क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचा) टप्पा त्या दिवशी पेटलाच नाही. चौकशीत कारण निघालं ते एका व्हेंट अँड रिलीफ व्हॉल्व्हची (टाकीतला जादा दाब सोडणाऱ्या) गळती. त्याच्या सॉफ्ट सीलला इजा झाली असावी, हायड्रोजनच्या टाकीतला दाब कमी पडला आणि मोहीम संपली. आमचा भाग तो नव्हे. पण व्हॉल्व्ह म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं.

टेम्पो परत पाठवला. एसी दुरुस्त करून बॉड्या आणि रिंग दिवसभर २० अंशांत ठेवल्या. संध्याकाळी मोजल्या तर १४ पैकी ९ कमी मापाच्या. एक बरं, बोअर लहान होता, म्हणजे आतून कापायला धातू शिल्लक होता. मोठा झाला असता तर सगळं भंगारात.

पण मोजणीची वाट न बघता बेंगळुरूला फोन मी सकाळीच केला होता. "आमचा रिपोर्ट चुकलाय, तो धरू नका." पलीकडे प्रोग्रॅम मॅनेजर क्षणभर गप्प. मग आवाज न चढवता विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "चार." त्यांनी जोडणीचा क्रमच फिरवला. आमच्या व्हॉल्व्हआधी वायरिंगचं काम घेतलं, चाचणीची तारीख तशीच राहिली. शेकडो कारखान्यांचा माल एका तारखेला एका जागी आणायचा, तर असं मागचं पुढं करायला वेळेवर खरी बातमी लागते. मी दोन दिवस लपवलं असतं तर त्यांच्याकडे हलवायला काही उरलं नसतं.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "ज्यांच्या लक्षात आलं त्यांचं नाव रिपोर्टात घाला."

चौथ्या दिवशी पेटी गेली. सोबतच्या कागदावर प्रत्येक मापाशेजारी तापमान होतं आणि खाली माझ्या सहीच्या वर मामांचं नाव. मामांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, आणि परत लेथवर गेले.