बारा बिबटे, मोजले छत्तीस

मंडळी, मागच्या वेळी म्हणलो होतो ना, शाळेतल्या पोरांना कॅमेऱ्यानं रानातले प्राणी कसे मोजतात ते दाखवायला टॉवेलच्या चिंध्यांचे हिमबिबटे शिवून झालेत, आता फक्त मोजणी. ती झाली आणि पार बोऱ्या वाजला. बिबटे १२, उत्तर ३६!

आधी चांगलं सांगतो. कापडाला ऊब नाही म्हणून पीआयआर (हलती ऊब टिपून कॅमेरा चालू करणारा सेन्सर) ढिम्म हलत नव्हता, तर आता पोटात गरम पाण्याची पिशवी घालून दोरीनं ओढतो, सकाळी सातला झकास ट्रिगर होतो. दहानंतर आपलं सोलापूरचं ऊन, मागची भिंतच पिशवीएवढी तापते, की परत ढिम्म.

तर मोजणी. पहिल्या दिवशी फोटोतल्या ठिपक्यांवरून ९ ओळखले, दुसऱ्या दिवशी ८, त्यात कालचे किती? पोरं म्हणाली २. एकूण किती याचा अंदाज म्हणजे दोन्ही दिवसांच्या आकड्यांचा गुणाकार, भागिले दोन्ही दिवशी दिसलेले. नऊ आठे बहात्तर, भागिले दोन. मी तासभर एसडी कार्डाला शिव्या घालत फोटो उलटेपालटे करतोय आणि सातवीतली एक पोरगी म्हणते, "ओ सर, ह्यो काल डावीकडं गेलता, आज उजवीकडं चाललाय." हात्तिच्या! दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात हे मीच शिकवलेलं, रंगवलेतही तसेच, आणि कॅमेरा एकच, म्हणजे उलटा गेलेला कालचाच बिबट्या नवा ठरला.

मग सगळे एकाच दिशेनं ओढले. ९, ८, जुळले ५, म्हणजे १४.४. एका टॉवेलला चुणी पडून ठिपके ताणले गेले, तो पोरांनी नवा धरला, नाहीतर बरोब्बर १२ आले असते. पण यात पोरांचा दोष नाही. २०२० च्या एका अभ्यासात प्राणिसंग्रहालयातले १६ हिमबिबटे ओळखताना जाणकारही चुकले आणि अंदाज साधारण एक तृतीयांशानं फुगला. हे सांगितल्यावर लगेच प्रश्न, मग भारतातल्या हिमबिबट्यांच्या गणनेत आलेले ७१८ खरे कशावरून? त्या गणनेत १,९७१ ठिकाणी कॅमेरे होते आणि २४१ वेगळे बिबटे फोटोत ओळखले, बाकी गणित, एवढं सांगून वेळ मारून नेली. पुढच्या तासाला हेच घेणार.

आता समोरासमोर दोन कॅमेरे, जरा तिरके, म्हणजे फ्लॅश एकमेकांत जाणार नाही. किंवा थांबा, लिहिता लिहिता सुचलं, शाळेमागच्या मामांच्या कबऱ्या शेळ्याच का नकोत? ऊब आयती, पिशवीची कटकट नाही, ठिपके देवानं दिलेले. आत्ताच फोन केला, मामा म्हणाले मोजायला कॅमेरा कशाला, मला तोंडपाठ हायत. आकडा आम्हाला सांगायचा नाही एवढं बजावलंय.