परक्या भाषेत देवाला हाक मारताना

परदेशात मिशनरी म्हणून आले, त्यानंतरची पहिली दोन वर्षे मला सर्वांत जास्त धास्ती वाटे ती बुधवारच्या प्रार्थनासभेची. सभा संपत आली की पाळक एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करण्याची विनंती करीत, आणि आपले नाव पुकारले जाईल या भीतीने मी आधीचा अर्धा तास मनातल्या मनात क्रियापदे चालवीत बसत असे. मायदेशी असताना प्रार्थना मला कधी अवघड गेली नव्हती. उलट, मी प्रार्थना फार छान करते असा माझा लौकिक होता आणि तो मला आवडतही असे, हे आता इतक्या लांबून कबूल करायला हरकत नाही.

मिशनरी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर उपदेश आणि बाप्तिस्मे येतात. माझा दिवस मात्र पहाटे पाच वाजता शास्त्रपाठाने सुरू होतो आणि दुपारपर्यंत शब्दांच्या वहीतच अडकलेला असतो. आठवड्यातून दोनदा रुग्णालयात रुग्णभेटी, शनिवारी मुलांचा वर्ग, रविवारी उपासना, आणि अधूनमधून राहण्याच्या परवान्यासाठी रांगेत घालवलेली एखादी सबंध सकाळ, असा साधा क्रम आहे. त्यात काही थोर नाही. सर्वांत अधिक वेळ भाषा खाते, आणि ज्या कामासाठी आपण आलो ते काम भाषा आल्यावर सुरू होईल अशा समजुतीत पहिले वर्ष निघून जाते.

मला शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. मी प्रार्थना लिहून आणावी आणि त्यांनी ती तांबड्या शाईने तपासावी, असा आमचा परिपाठ आहे. देवाशी बोललेले शब्द वहीत दुरुस्त होऊन परत येतात, ही गोष्ट पहिल्यांदा मला विचित्र वाटली आणि थोडी लागलीही. पण त्या वहीमुळे एक गोष्ट लख्ख दिसू लागली. मराठीत मी दहा मिनिटे प्रार्थना करीत असे, तेव्हा त्यातली बरीच वाक्ये आपोआप एकामागून एक येत. परमेश्वराच्या गौरवाची, कृपेची, आशीर्वादाची ती विशेषणे मी लहानपणापासून ऐकलेली होती आणि ती उच्चारताना मला काहीच मागायचे नसे. येथे माझ्याजवळ विशेषणेच नव्हती. ‘हा माणूस आजारी आहे. त्याला झोप येत नाही. त्याला झोप दे.’ एवढेच मला म्हणता येई. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू आधी पुष्कळ बोलण्याविषयी सावध करतो आणि मगच शिष्यांना ती छोटी प्रार्थना शिकवतो, हा क्रम मी शेकडो वेळा वाचला होता. शब्द संपल्यावर तो पहिल्यांदा कळला.

याच वहीत माझी मोठी फजितीही नोंदलेली आहे. येथील भाषेत समोरच्या व्यक्तीशी बोलण्याच्या तीन पायऱ्या आहेत: एक मुलांसाठी, दुसरी बरोबरीच्यांसाठी आणि तिसरी वडीलधाऱ्यांसाठी. आपण मराठी माणसे घरातल्या वडिलांना कदाचित ‘अहो’ म्हणत असू, पण देवाला आपण सर्रास ‘तू’ म्हणतो; ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हटल्यावर पुढे ‘तुझे नाव’ येते, ‘आपले नाव’ येत नाही. त्या सवयीने मी एका बुधवारी सबंध प्रार्थना खालच्या पायरीवरून केली. ‘आमेन’ला नेहमीचा जोर आला नाही आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी अतिशय सौम्यपणे सांगितले की त्या क्रियापदांनी येथे लेकरांना हाक मारतात, किंवा रागावतात.

त्यानंतर मी नेमाने तिसऱ्या पायरीवरून प्रार्थना करू लागले. व्याकरण सुधारले, पण कित्येक महिने आपण एखाद्या कचेरीत अर्ज देत आहोत असे वाटत राहिले. सभेतल्या इतरांना तसे वाटत नव्हते, हे उघड दिसत होते. त्याच आदरार्थी क्रियापदांत ती माणसे रडत, भांडत, गाऱ्हाणी घालत. अंतर त्या शब्दांत नव्हते, माझ्या कानांत होते. पहाटेची एकांतातली प्रार्थना मी अजूनही मराठीतच करते, आणि ती पळवाट आहे की विसावा, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

अशा दिवसांत मला फादर थॉमस स्टीफन्स यांची वारंवार आठवण होते. हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा सभासद, १५७९ साली गोव्यात उतरला, आणि त्याचे क्रिस्तपुराण हे येशूच्या कथेचे मराठी काव्य छापले गेले १६१६ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. त्या पुराणाच्या ओव्यांचे कौतुक आपण सगळेच करतो; मला कुतूहल आहे ते मधल्या वर्षांतल्या त्याच्या चुकांचे, आणि त्या निमूटपणे दुरुस्त करणाऱ्या माणसांचे. बंगालमध्ये काम करणारे इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले, त्यामागे वैजनाथ पंडितांची शिकवणी होती. मिशनरी रॉबर्ट मॉरिसन १८०७ साली चीनमध्ये पोहोचले, तेव्हा परक्याला चिनी शिकवणाऱ्याला देहदंडाची शिक्षा होती, आणि तरीही त्यांना शिक्षक मिळाले. मिशनरींच्या चरित्रांत या शिक्षकांच्या वाट्याला एखादेच वाक्य येते, हे मला आता खटकते.

मला पाठवणाऱ्या संस्थेला दर तीन महिन्यांनी पत्र लिहावे लागते. पत्राच्या नमुन्यात एक रकाना आकड्यांचा आहे: नवे सभासद किती, बाप्तिस्मे किती. तो कोरा ठेवताना पूर्वी माझा हात जड होई. अमेरिकन मिशनरी अॅडोनिराम जडसन १८१३ साली ब्रह्मदेशात गेले आणि पहिला बाप्तिस्मा देण्याचा योग त्यांना १८१९ साली आला. केरी भारतात आले १७९३ मध्ये आणि त्यांच्या मिशनमधल्या पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. या तारखांचा आधार घेण्यात थोडी लबाडी आहे, कारण त्या काळात त्यांनी केलेले काम मी केलेले नाही. पण रकाना कोरा असतो तेव्हा तो कोराच पाठवावा, एवढे धैर्य त्या तारखांनी मला दिले.

घरचे मृत्यू मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. माझ्या काकांचा अंत्यविधी मी मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. चित्र दोनदा गोठले, आणि दुसऱ्यांदा सुरू झाले तेव्हा लोक परतू लागले होते. त्या दिवशी सायंकाळी मुलांचा वर्ग होता, तो मी घेतला.

गेल्या महिन्यात रुग्णालयात एका वृद्ध बाईंच्या खाटेशी बसले होते. त्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या सभासद आहेत. वेदना वाढल्या तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि देवाशी बोलू लागल्या. आधी सगळे रीतीप्रमाणे, तिसऱ्या पायरीवरून चालले होते. मग आवाज खाली आला, वाक्ये तुटली, आणि मध्येच क्रियापद बदलले. जे रूप मला वर्ज्य ठरले होते, तेच त्या वापरीत होत्या. ‘ये ना. बस इथे.’ मी ते नीट ऐकले, कारण व्याकरणाकडे कान लावून बसण्याची सवय आता माझी जात नाही. परिचारिकेने सलाईनची नळी सरळ केली, त्या थोड्या शांत झाल्या, आणि पुढची प्रार्थना पुन्हा आदरार्थी रूपात पूर्ण झाली.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य वहीत लिहून मला शिकवणाऱ्या बाईंसमोर ठेवले आणि विचारले की हे चूक आहे की बरोबर. त्यांनी तांबडे पेन उचलले, बराच वेळ वाक्याकडे पाहिले आणि पेन खाली ठेवले.

‘त्यांचे चालते,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचे अजून नाही.’