अपंगत्वाचे टक्के आणि बुडालेली कमाई

माझा आतेभाऊ गवंडी आहे. दोन वर्षांपूर्वी कामावर जाताना टेम्पोच्या धडकेत त्याचा उजवा घोटा चिरडला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय मंडळाने उजव्या पायाचे ३० टक्के कायमचे अपंगत्व असल्याचा दाखला दिला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील त्याच्या अर्जासाठी कागदपत्रांची जुळवाजुळव मी करतो, आणि घरातल्या सगळ्यांनीच, सुरुवातीला मीसुद्धा, पाय ३० टक्के गेला म्हणजे कमाईही ३० टक्केच बुडाली असे धरून चाललो होतो.

हे समीकरण चुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले की शरीराचे अपंगत्व आणि कमावण्याच्या क्षमतेत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात तुटला तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, हे उदाहरण त्याच निकालातले. डॉक्टरांनी अपंगत्व किती ते सांगायचे. त्या अपंगत्वामुळे कमाई किती बुडाली हे जखमीचा व्यवसाय, वय आणि आता त्याला काय काय करता येते हे पाहून न्यायाधिकरणाने ठरवायचे.

आकडे मांडले की यातला फरक अंगावर येतो. भावाची कमाई महिन्याला १५,००० रुपये धरली, तर वर्षाची १,८०,००० होते. स्वतःच्या कष्टावर कमावणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी भावी वाढीचे ४० टक्के मिळवल्यावर ती २,५२,००० होते आणि ३१ ते ३५ वयोगटाच्या १६ या गुणकाने गुणल्यावर ४०,३२,०००. घट ३० टक्के मानली तर हाती १२,०९,६०० येतात, ६० टक्के मानली तर २४,१९,२००. समोरची बाजू तर एका पायाचे टक्के संपूर्ण शरीराच्या हिशेबाने आणखी कमी करून मागते. मृत्यूच्या दाव्यात मृताचा वैयक्तिक खर्च वजा होतो, तसा जखमीच्या दाव्यात होत नाही, आणि ते मला अगदी न्याय्य वाटते, कारण त्या पायासह जगण्याचा खर्च त्यालाच करायचा आहे.

औषधोपचाराची बिले, उपचारांच्या काळातली बुडालेली मजुरी, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च, वेदना आणि जगण्यातले हिरावलेले सुख यांची भरपाई वेगळी मोजली जाते. बिलांच्या पावत्या आम्ही जपल्या होत्या. कामाचा पुरावा मात्र कोणीच जपला नव्हता. भाऊ आज जमिनीवर बसून वीट लावू शकतो, पण परांचीवर उभा राहू शकत नाही, आणि बांधकामावर गवंड्याचा दर मिळतो तो परांचीवर चढणाऱ्याला. हे डॉक्टरांच्या दाखल्यात कुठेही लिहिलेले नाही.

ते सापडले ठेकेदाराच्या हजेरीवहीत. अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत भावाच्या नावापुढे गवंड्याचा रोज मांडला आहे. पुढचे नऊ महिने रकाना कोरा आहे, आणि त्यानंतर तेच नाव बिगाऱ्यांच्या पानावर आहे. ती वही घेऊन ठेकेदार पुढच्या तारखेला साक्षीला येणार आहे.